उजव्या हाताचा माज

त्या घरात कॉम्प्रेसर या शब्दाचे दोन अर्थ होते आणि फोनवर कायम घोटाळा व्हायचा. पलीकडून कोणी "तुमच्याकडे कॉम्प्रेसरचं काम होतं ना?" असं विचारलं, की वहिनी आधी खुलासा करून घ्यायच्या. "कुठला? थंड करणारा की आवाज आवरणारा?" थंड करणारा असला तर फोन नवऱ्याच्या हातात जायचा. तो फ्रीज दुरुस्त करायचा. रस्त्याच्या बाजूला त्याचं दुकान, तिथे दारं काढलेले फ्रीज जबडे उघडून उभे. दुकानामागे राहतं घर. आणि घरामागे, जिथे पूर्वी अडगळ असायची, तिथे वहिनींची खोली. भिंतींना जुन्या गाद्या, जमिनीवर जाड गालिचे, दाराच्या कडेला रबराची पट्टी. ती पट्टीसुद्धा फ्रीजच्याच दाराची. बसवताना नवरा म्हणाला होता, "बाकी काही नाही तरी तुझी गाणी नासणार नाहीत."

त्यांना सगळेच वहिनी म्हणत. त्यांचा धाकटा दीर एका बँडमध्ये ड्रम वाजवायचा. त्याच्या तोंडून ऐकून गायक वहिनी म्हणायला लागला, मग गिटारवाले, मग आलेगेले, आणि पुढेपुढे वयाने मोठी माणसंही. वहिनींनी हरकत घेतली नाही. एकदाच काय ते म्हणाल्या, "एवढे दीर आहेत हे आधी कळलं असतं तर मी या घरात पाऊलच टाकलं नसतं."

दिवसा त्या इस्पितळात लोकांचे कान तपासायच्या. काचेच्या लहानशा खोलीत माणसाला बसवायचं, हेडफोन चढवायचे आणि बारीक बारीक सूर सोडत जायचं. ऐकू आला की त्याने बटण दाबायचं. ऐकू येत नसतानाही बटण दाबणारे पुष्कळ. कमी ऐकू येण्याची माणसाला लाज वाटते. अशा वेळी वहिनी रागवायच्या नाहीत. "पुन्हा करू या हं, मघाशी माझंच काहीतरी चुकलं," असं म्हणून पहिल्यापासून सुरुवात करायच्या. दुसऱ्या खेपेला माणूस बहुधा खरं बटण दाबायचा.

तपासणी झाली की कानाचं यंत्र बसवायचं कामही त्यांचंच. आणि आवाज आवरणं म्हणजे काय, हे त्या तिथे शिकल्या. ज्याला कमी ऐकू येतं त्याला नुसता आवाज वाढवून भागत नाही. बारीक आवाज वाढवावा तर दार आपटल्यावर बिचारा खुर्चीतून उडतो. म्हणून यंत्र मोठ्या आवाजाला लगाम घालतं आणि बारीक आवाजाला हात देऊन वर घेतं. दोघांमधलं अंतर कमी होतं. गाण्याच्या मिक्सिंगमध्ये, म्हणजे वेगवेगळी रेकॉर्ड केलेली वाद्यं एकत्र बसवताना, कॉम्प्रेसर करतो ते हेच. समजा, आवाजाच्या बटणावर बोट ठेवून कोणीतरी सतत ड्रम ऐकतो आहे. ठोका ठरवलेल्या रेषेच्या वर गेला की तो झटकन आवाज खाली करतो, ठोका सरला की सोडून देतो. मग सगळाच आवाज थोडा वाढवता येतो, आणि जे आधी ऐकू येत नव्हतं ते येतं. किती दाबायचं, किती चटकन धरायचं, कधी सोडायचं, एवढंच ठरवायचं असतं. एवढंच म्हणायचं, पण त्यात माणसाची हयात जाते.

वहिनी या फंदात पडल्या त्या दिरामुळेच. बँडची पहिली रेकॉर्ड दुसऱ्या कोणी मिक्स करून दिली होती. ती घरी सगळ्यांनी ऐकली. सगळे वा वा म्हणाले. वहिनी तेवढ्या म्हणाल्या, "भावजी, आवाज मोठा आहे, पण काठी लागल्याचं कुठे कळत नाही. उशीवर मारल्यासारखं वाटतंय."

"मग तुम्हीच करा पुढच्या वेळी," धाकटा फुरंगटून म्हणाला.

त्याने ते तोंडदेखलं म्हटलं होतं. वहिनींनी ते खरं धरलं. जुना बाजार धुंडाळून त्यांनी कॉम्प्रेसरचा एक डबा आणला. त्याला तीन-चार बटणं आणि काचेमागे थरथरणारी एक सुई. इस्पितळात जायच्या आधी सकाळी आणि सुट्टीच्या दिवशी दुपारी त्या मागच्या खोलीत बसायच्या. नवऱ्याने तेवढा वेळ दुकानातले चालू फ्रीज बंद ठेवायचे, असा करार झाला. दोघांचं यावरून अधूनमधून वाजायचं, पण फ्रीज बंद व्हायचे. पुढच्या सगळ्या रेकॉर्ड त्या खोलीतून बाहेर पडल्या, आणि लोकांच्या नकळत त्या बँडच्या ड्रमचा म्हणून एक आवाज तयार झाला. काठी कडक, मागे घुमणारं अंग गरम.

तर असं सगळं सुरळीत चाललेलं असताना धाकटा मोटारसायकलवरून पडला.

हाडं जुळली. पण डाव्या खांद्यातली एक शीर ताणली गेली होती. हात उचलला जायचा, काठी धरता यायची, फक्त जोर हातात राहायचा नाही. कधी यायचा, कधी यायचाच नाही. ड्रम वाजवणाऱ्याचा डावा हात म्हणजे गाण्याचा कणा. समोरच्या स्नेअरवर, त्या खणखणीत आवाजाच्या चपट्या ड्रमवर, ठरलेल्या जागी ठोका पडायचा तो डाव्या हाताने. डॉक्टरांनी सांगितलं, "रोजची कामं होतील. वाजवणं आता विसरा."

विसरेल तो धाकटा कसला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर उशी ठेवून तो दिवसचे दिवस ठोकत बसायचा. नवरा, म्हणजे त्याचा थोरला भाऊ, दुकानात असल्यासारखं दाखवायचा आणि भिंतीला कान लावून ऐकायचा. कोणी त्या हाताबद्दल बोलायचं नाही. बोललं की धाकटा उठून जायचा. त्याचं हसणंही बंद झालं होतं. पूर्वी घरात शिरतानाच चार विनोद टाकणारा माणूस आता मुकाट्याने यायचा, जेवायचा आणि उशीकडे जायचा.

बँडने त्याची वाट पाहिली हे त्यांचं मोठेपण. वर्षभराने, एका रिकाम्या गोदामात माइक मांडून, त्यांनी नवी गाणी रेकॉर्ड केली. धाकट्याने सगळी गाणी शेवटपर्यंत वाजवली. वाजवून झाल्यावर त्याचा सदरा पाठीला चिकटला होता आणि चेहरा पांढरा पडला होता. रेकॉर्डिंग वहिनींच्या खोलीत आलं.

वहिनींनी ऐकलं. एक ठोका खणखणीत, दुसरा अर्धा, तिसरा जेमतेम टेकलेला. गाणं पुढे सरकेल तसा हात थकत जायचा आणि शेवटच्या कडव्यात स्नेअर कुठेतरी लांबच्या खोलीत गेल्यासारखी वाटायची.

बँडचा गायक दिवसा शाळेत गणित शिकवायचा. त्याला सगळे मास्तर म्हणत. मनाने चांगला, धाकट्याचा लहानपणापासूनचा दोस्त, पण हिशेबी. तो दुसऱ्या दिवशी एकटाच आला आणि दार लावून घेऊन म्हणाला, "वहिनी, स्पष्टच बोलतो. त्याचा एक चांगला ठोका उचला आणि सगळीकडे तोच लावा. संगणकात होतं ना तसं? कोणाला कळणार आहे?"

"त्याला कळेल."

"त्याच्या भल्यासाठीच म्हणतोय मी. ही रेकॉर्ड अशी बाहेर गेली तर लोक काय म्हणतील? बिचारा, हात गेला. ते त्याला चालेल?"

वहिनी म्हणाल्या, "आठवडाभर थांब, मास्तर. तोपर्यंत कोणाकडे ब्र काढू नकोस."

मग त्यांनी आपला डबा कामाला लावला. सवयीपेक्षा कितीतरी जास्त दाबलं. जोरातला ठोका चटकन धरून खाली ओढला, आणि सगळ्याचा आवाज वर चढवला. सुई एका बाजूला झोपली ती उठेचना. पण सगळे ठोके एका उंचीला आले. शाळेच्या रांगेत उभी केलेली पोरं जशी. मास्तरने ऐकलं आणि त्याचा जीव भांड्यात पडला. गिटारवालेही खूश. नवरा म्हणाला, "झकास. काही कळत नाही."

धाकट्याने गाणं शेवटपर्यंत ऐकलं. मान खाली होती. मग म्हणाला, "चांगलं झालंय, वहिनी. खूप मेहनत घेतलीत." दारापर्यंत गेला आणि वळून म्हणाला, "फक्त, हे वाजवलंय कोणी?"

वहिनींना ते लागलं. खोटं बोलताना पकडल्यासारखं वाटलं. त्या दिवशी त्यांनी फ्रीज बंद करायला सांगितले नाहीत. खोलीतच गेल्या नाहीत.

त्याच आठवड्यात इस्पितळात एक म्हातारबाबा आले. यंत्र बसवून थोडेच दिवस झाले होते. खुर्चीत बसायच्या आधीच ते कुरकुरले, "बाई, हे काढून घ्या."

"का हो? ऐकू येत नाही?"

"सगळं येतं, तीच तर पंचाईत! पंखा येतो, घड्याळ येतं, शेजाऱ्याचा नळ येतो. आणि आमची ही बोलते तेव्हा पंखाच जास्त ऐकू येतो. आधी ती ऐकू यायची नाही तरी शांतता होती."

वहिनी हसल्या. यंत्र संगणकाला जोडून त्यांनी बारीक आवाजांचा चढ कमी केला. पंखा खाली बसला. मग बरोबर आलेल्या बाबांच्या बायकोला समोर बसवून त्या म्हणाल्या, "काहीतरी बोला यांच्याशी." ती म्हणाली, "काय बोलू? चाळीस वर्षं बोलतेच आहे." बाबांनी मान डोलावली. ऐकू आलं होतं.

ती जोडी गेली, पुढचा माणूस काचेच्या खोलीत जाऊन बसला, आणि वहिनींच्या डोक्यात मात्र पंखा फिरत राहिला. आपल्या मिक्समध्येही काहीतरी असंच फिरतंय का? संध्याकाळी घरी येऊन त्यांनी चप्पलही न काढता खोली उघडली. "अहो, फ्रीज बंद करा!" अशी हाक दिली आणि नुसतं स्नेअरच्या माइकवरचं रेकॉर्डिंग लावलं. बाकी सगळं बंद.

आणि सापडलं. डाव्या हाताचा ठोका टेकायच्या आत त्याच्यावर झांजेची लाट येऊन आदळत होती. शूऽऽ, शूऽऽ. ड्रमवर झांजा उजव्या हाताने वाजतात. माइक स्नेअरचा असला तरी शेजारची झांज त्यात शिरणारच. ते नेहमीचंच असतं. पण इतकी? डबा मोठे ठोके दाबत होता आणि मधल्या जागा वर उचलत होता, म्हणजे डावा हात जितका हळू, तितकी उजव्या हाताची झांज वर. म्हाताऱ्याची बायको बोलत होती आणि पंखा ऐकू येत होता. वहिनींनी अपघाताआधीचं एक जुनं रेकॉर्डिंग काढलं. त्यात झांज मवाळ होती, पिसासारखी फिरत होती. पुन्हा नवीन लावलं. नव्यात ती कडाडत होती.

म्हणजे झालं होतं असं. डाव्याला जोर नाही म्हणून बिचारा सगळा जोर उजव्याने लावत होता. त्याला स्वतःलाही ते माहीत नव्हतं. वर्षभर घरातला, बँडमधला, इस्पितळातला प्रत्येक जण डाव्या हाताकडे बघत बसला होता, आणि त्या गडबडीत उजव्याकडे कोणाचं लक्षच गेलं नव्हतं. वहिनींचंही नाही.

त्यांनी धाकट्याला बोलावून घेतलं. तो आला, स्टुलावर बसला, आणि काही विचारायच्या आतच म्हणाला, "मास्तर म्हणतोय तेच करा, वहिनी. एकच ठोका सगळीकडे लावा. मला चालेल."

म्हणजे मास्तरच्या पोटात राहिलं नव्हतं तर.

"भावजी, डाव्या हाताचं मी बघते," वहिनी म्हणाल्या. "मला तुमच्या उजव्या हाताची तक्रार करायचीय."

"उजव्या?"

"फार माजलाय तो. धाकटा भाऊ आजारी पडला म्हणून थोरल्याने घरभर आरडाओरडा करावा तसं चाललंय. ऐका." आणि त्यांनी आधी जुनं, मग नवं, मग पुन्हा जुनं लावलं.

धाकटा ऐकत राहिला. मग त्याने आपला उजवा हात समोर धरला, उलटासुलटा करून पाहिला, आणि अचानक हसायला लागला. पडल्यापासून पहिल्यांदा. दारात उभा राहून ऐकणारा नवरा म्हणाला, "थोरल्याचं नाव कशाला घेता? मी काय केलं?" त्यावर धाकटा जास्तच हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. वहिनींनी तिकडे पाहिलं नाही. उगाच एक वायर गुंडाळत बसल्या.

गोदाम पुन्हा मिळवलं, माइक पुन्हा मांडले. मास्तर कुरकुरला, पण आला. या वेळी वहिनी ड्रमसमोर खुर्ची टाकून बसल्या आणि झांज चढली की नुसता तळहात खाली करायच्या. दर गाण्यानंतर धाकट्याला विसावा द्यायचा असंही ठरलं. पहिल्या दिवशी उजवा हात ऐकेना. दुसऱ्या दिवशी थोडा वळणावर आला. आणि मग गोदामातल्या सगळ्यांच्या लक्षात आलं, की झांज मवाळ झाल्यावर डाव्या हाताचा अर्धा ठोकाही ऐकू येतोय. मोठा नव्हता, पण होता.

आता खरं मिक्सिंग. वहिनींनी सुरुवातीलाच कॉम्प्रेसरला हात लावला नाही. आधी त्या प्रत्येक गाण्यातून पायी चालल्यासारख्या गेल्या आणि जिथे हात थकला होता तिथे आवाज कमीजास्त करायचा दांडा बोटाने हळूहळू वर सारला. थकवा पुसला नाही, फक्त जरा जवळ आणला. मग डबा लावला, पण धरायला त्याला उशीर करायला सांगितलं. चटकन धरलं तर काठी लागायचा क्षणच चिरडला जातो. उशिरा धरलं की काठीचा टणत्कार आधी सुटून जातो आणि मागचं अंग तेवढं हातात येतं. सोडायचं कधी, हे त्यांनी सुईकडे बघून ठरवलं नाही. डोळे मिटून, गाण्याबरोबर श्वास घेत ठरवलं. पुढचा ठोका यायच्या आत यंत्राचा हात मोकळा झाला पाहिजे, नाहीतर तो बिचारा दबलेलाच जन्माला येतो.

आणि सगळ्यात शेवटी त्यांनी एक युक्ती केली. ती त्यांच्या एकटीची नव्हे, या धंद्यातली जुनीच आहे. स्नेअर आणि पायाने वाजणारा मोठा ड्रम, या दोघांची एक नक्कल काढली. झांजांचे माइक तिला शिवूही दिले नाहीत. ती नक्कल डब्यातून पार चेपून काढली, आणि मूळ वाजवण्याच्या खाली अगदी हळू आवाजात सरकवली. वर मूळ जसंच्या तसं, खाली ही चेपलेली. ठोका जोरात असला की खालची कळतच नाही, आणि ठोका हळू पडला की ती त्याला खालून उचलून धरते.

"कोटाला अस्तर लावतात ना, तसं," त्यांनी नवऱ्याला समजावलं. "दिसत नाही, पण कोट अंगावर नीट बसतो."

"फाटलेलं झाकायला?"

"झाकायला नाही हो. कापड तेच राहतं. लोळागोळा होऊ नये म्हणून."

ऐकायला सगळे जमले ती रविवारची दुपार होती. खोलीत माणसं मावेनात, म्हणून नवरा फ्रीजच्या रिकाम्या खोक्यावर दाराबाहेर बसला. वहिनींनी गाणं लावलं. ड्रम सुरू झाला आणि कोणी कोणाकडे पाहिलं नाही. ठोके सारखे नव्हते. एक पुढे यायचा, एक किंचित मागे राहायचा, एखादा नुसता स्पर्श करून जायचा. पण प्रत्येक पोचत होता, आणि त्या कमीजास्त होण्याने गाण्याला अशी काही चाल आली होती, की जणू कोणीतरी चढ चढत बोलतंय आणि दम लागला तरी थांबत नाही.

धाकटा पुटपुटला, "मीच आहे."

गाणं संपलं, दुसरं लागलं, तेही संपलं. मग मास्तर खाकरला. "वहिनी, मला माझं पुन्हा गायचंय."

"का? तुझं काय वाईट आहे?"

"मी ओरडतोय. इतके दिवस ऐकू येत नव्हतं. हा इतकं हळुवार वाजवतोय आणि मी त्याच्या डोक्यावर उभा राहून भाषण ठोकतोय." मग धाकट्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "आणि ते एकच ठोका लावायचं मी बोललो होतो, ते जाऊ दे. गाढव होतो."

"होतो?" धाकटा म्हणाला.

सगळे हसले. जुना धाकटा घरात परत आला तो त्या दुपारी, असं नवरा पुढे सांगायचा.

मास्तरने सगळी गाणी पुन्हा गायली, माइकच्या जवळ उभं राहून, बोलल्यासारखी. रेकॉर्ड निघाली. फार मोठा डंका वाजला असं नाही, पण ज्यांनी ऐकली त्यांनी पुन्हा ऐकली. लांबच्या कुठल्याशा ड्रमवाल्याने निरोप पाठवून विचारलं, की असं खालीवर वाजवायला तुम्ही शिकलात कुठे? धाकट्याने उत्तर पाठवलं, "मोटारसायकलवरून पडून. तुम्ही शिकू नका." वहिनींकडे मग आणखी बँड येऊ लागले. त्यांचा शिरस्ता असा पडला, की आधी वाजवणाऱ्याला समोर बसवून वाजवायला लावायचं आणि यंत्राला त्यानंतर हात लावायचा. घाईतल्या माणसांना ते जाचक वाटे. काही निघूनही जात. वहिनी त्यांना दारापर्यंत पोचवायला जायच्या.

धाकट्याचा डावा हात पुरता बरा झाला नाही. होणार नव्हताच. पण भीती गेली, आणि भीती गेल्यावर त्याने त्या हाताशी जुळवून घेतलं. हात थकायच्या आत संपतील अशी गाणी बँड बांधू लागला. मिक्सिंगला तो शेजारी बसू लागला, आणि म्हणू लागला, "इथे दाब थोडा कमी करा, वहिनी." पुढच्या रेकॉर्डला आणखी कमी. त्याच्या पुढच्या रेकॉर्डमध्ये एक संथ गाणं होतं. त्यात स्नेअरचा पहिलाच ठोका इतका हलका पडला होता, की वहिनींचं बोट आपोआप बटणाकडे गेलं.

"उचलू का जरा?" त्यांनी विचारलं.

धाकट्याने तो ठोका पुन्हा ऐकला. पुन्हा एकदा ऐकला.

"नको," तो म्हणाला. "ज्याला हवा असेल तो कान पुढे करेल."

वहिनींनी हात मागे घेतला. डबा बंद केला, आणि ते गाणं तसंच राहिलं.